सिद्ध कोणी करायचं? खाणकामगार खासदार जिम ग्रिफिथ्सबद्दल

एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: "कामगार कायद्याच्या अभ्यासात जेम्स ग्रिफिथ्स या ब्रिटिश खासदाराचं नाव आलं. खाणी, पेन्शन आणि बेकारांना मदत या तिन्ही विषयांवर त्याने काम केलं म्हणतात. पण सगळं श्रेय तर 1942 चा सामाजिक विम्याचा अहवाल लिहिणाऱ्या बेव्हरिजला जातं. मग ग्रिफिथ्सने नेमकं काय केलं? आणि आपल्या कायद्याशी त्याचा काही संबंध लागतो का?"

संबंध लागतो, आणि बऱ्यापैकी जवळचा. मी इतिहासाचा माणूस नाही. चंद्रपूर-वणी पट्ट्यात तीसेक वर्षं नुकसानभरपाईचे दावे चालवले, त्यातले पुष्कळसे कोळसा खाणींचे. ग्रिफिथ्सकडे मी वळलो तो एका दाव्यामुळेच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रात्रपाळीला खाणीत उतरलेला एक पंप ऑपरेटर पहाटे पाणी साठायच्या खड्ड्याजवळ पडलेला सापडला. अंगावर जखम नाही. शवविच्छेदनात हृदयविकार. व्यवस्थापनाचं म्हणणं, माणूस कामावर मेला हे मान्य, पण कामामुळे मेला हे कुठे सिद्ध झालंय? कायद्यात दोन्ही लागतं. अपघात कामाच्या दरम्यान घडलेला हवा आणि कामातून उद्भवलेलाही हवा. त्या पाळीत पंप दोनदा बंद पडला होता, पाणी चढत होतं, तो एकटाच धावपळ करत होता, असं त्याच्या जोडीदाराने आम्हाला खाजगीत सांगितलं. साक्षीला मात्र तो आला नाही, आणि त्याला दोष तरी कसा देणार, नोकरी त्याचीही होती. नुकसानभरपाई आयुक्तांसमोर उलटतपासणीत त्याच्या विधवेला विचारलं गेलं, तुमच्या नवऱ्यावर त्या रात्री कामाचा ताण होता हे कशावरून? ती म्हणाली, "साहेब, मी खाली नव्हते. खाली काय झालं ते तुम्ही मला सांगायचं, का मी तुम्हाला?"

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या साउथ वेल्सच्या खोऱ्यांमध्ये रोज विचारला जात होता. ग्रिफिथ्सने पुढे मंत्री झाल्यावर त्याला कायद्याच्या एका वाक्यात उत्तर दिलं. माझ्या मते तेच त्याचं सगळ्यात मोठं काम. पेन्शनचे शिलिंग (जुनं ब्रिटिश नाणं, विसांचा एक पौंड) किती वाढवले, हे त्यानंतर.

आता माणूस कोण होता ते पाहू. जन्म 1890, अमनफर्डजवळचं बेटूस गाव, वडील लोहार, घरात भाषा वेल्श. तेराव्या वर्षी खाणीत. हा पट्टा अँथ्रासाइटचा, म्हणजे कडक, चकाकणारा, जवळजवळ बिनधुराचा कोळसा. 1908 मध्ये खाणीतल्या स्फोटात त्याचा एक भाऊ गेला आणि दुसरा भाजून वाचला. पहिल्या महायुद्धानंतर तो लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षं शिकला, लनेलीत मजूर पक्षाचा एजंट झाला, आणि 1925 मध्ये अँथ्रासाइट खाणकामगारांचा पूर्णवेळ 'मायनर्स एजंट' झाला. या पदाला आपल्याकडे नेमका शब्द नाही. अर्धा युनियनचा पुढारी, अर्धा बिनपदवीचा वकील. कुणाचं बोट तुटलं, कुणाची मजुरी कापली, कुणाच्या विधवेला मालक काय देतो, हे सगळं त्याच्या टेबलावर यायचं.

त्याच वर्षी अँथ्रासाइट पट्ट्यात मोठा संप झाला होता. कारण होतं ज्येष्ठतेचा नियम: कपात करायची तर शेवटी लागलेला माणूस आधी जाईल. हा नियम मोडायचा आणि बोलणारे, भांडणारे कामगार वेचून काढायचे, असा मालकांचा बेत होता. प्रकरण दंगलीपर्यंत गेलं, पन्नासावर कामगार तुरुंगात गेले. आपल्या औद्योगिक विवाद कायद्यातलं (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) कलम 25-जी हेच तत्त्व सांगायचं. परीक्षेत आपण ते दोन ओळींत लिहून मोकळे होतो, म्हणून ही आठवण.

एजंटाच्या टेबलावर येणाऱ्या दाव्यांचा कायदा होता 1897 चा, मग 1906 चा, मग 1925 चा. भरपाई मालकाने द्यायची, साधारण निम्मी मजुरी, आणि तीही आठवड्याला जास्तीत जास्त 30 शिलिंग. पैसे मालकाच्या खिशातून जाणार म्हटल्यावर प्रत्येक दावा ही लढाईच. आपला 1923 चा वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन कायदा याच साच्यातून निघाला. 'कामातून आणि कामाच्या दरम्यान' हे शब्दसुद्धा जसेच्या तसे तिकडचे.

या साच्यातले सापळे ज्याला माहीत नाहीत त्याला ग्रिफिथ्स कळणार नाही. पहिला सापळा 'हलक्या कामा'चा. पाय गेलेल्या माणसाला मालकाचा डॉक्टर लिहून देई की हा हलकं काम करू शकतो. झालं, भरपाई घटली. आता पाय नसलेल्या माणसासाठी त्या खोऱ्यात हलकं काम होतं का, हे बघायचं काम डॉक्टरचं नव्हतं. दुसरा सापळा एकरकमी तडजोडीचा. घरात देणी थकलेली, समोर ठोक रक्कम, अंगठा उठला की पुढचे सगळे हक्क संपले. हे मी माझ्या ऑफिसात इतक्यांदा पाहिलंय की त्यासाठी वेल्सला जायची गरज नाही. तिसरा सापळा म्हणजे मालकच बुडाला तर? तिकडे छोट्या खाण कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या आणि जखमी माणसं हात हलवत बसली. शेवटी 1934 मध्ये खाणमालकांना या जबाबदारीचा विमा काढणं सक्तीचं करावं लागलं.

आणि मग धूळ. अँथ्रासाइट पट्ट्यात फुप्फुसाचा आजार सगळ्यात जास्त. पण 1928 ची सिलिकोसिसची, म्हणजे खडकातल्या सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई योजना म्हणायची, तू सिलिका असलेल्या खडकात भोकं पाडण्याचं किंवा सुरुंगाचं काम केलंस हे दाखव. म्हणजे दम लागलेल्या माणसाने, वीस वर्षांपूर्वी आपण फोडलेल्या आणि आता गाडल्या गेलेल्या खडकात सिलिका होती, हे सिद्ध करायचं! 1934 मध्ये अट सैल झाली, तरी खाणीच्या तोंडाशी, म्हणजे कोळशाच्या थराशी नुसता कोळसाच काढणारे पुष्कळ जण बाहेर राहिले. त्यांची एक्सरे फिल्म ठराविक सिलिकोसिससारखी दिसत नव्हती. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या फिलिप डार्सी हार्ट आणि एडवर्ड ॲस्लेट यांनी साउथ वेल्समध्ये सविस्तर तपासण्या केल्या, तेव्हा कोळशाच्या धुळीनेही आजार होतो हे 1942 पासून अधिकृतपणे कागदावर यायला लागलं. 1943 मध्ये नवी योजना आली. पण तिच्यातही पाचर होती. प्रमाणपत्र मिळालं की खाणीतून सक्तीने बाहेर. माणसाला आजार कबूल करून घ्यायचा तर नोकरी सोडावी लागणार, आणि बाहेर दुसरं काम नाही. हजारो माणसं अशी घरी बसली. वणीत एकदा एक म्हातारा खाणकामगार फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मला म्हणाला होता, "हे पांढरं दिसलं नसतं तर बरं झालं असतं वकीलसाहेब." त्याच्यावर आठ वर्षं टीबीचे उपचार चालले होते. तो असं का म्हणाला ते मला साउथ वेल्सचं वाचल्यावर पुरतं उमगलं.

बेकारीकडे वळतो. 1931 नंतर ब्रिटनमध्ये विमाधारक बेकाराला 26 आठवडे भत्ता मिळे, तोही कापलेला, म्हणजे पुरुषाला आठवड्याला 15 शिलिंग 3 पेन्स. त्यानंतर 'मीन्स टेस्ट'. शब्दशः अर्थ मिळकतीची चौकशी, पण चौकशी एकट्या माणसाची नाही, अख्ख्या घराची. बाप बेकार आणि मुलगा कमावता असेल तर मुलाची मजुरी बापाच्या भत्त्यातून वजा. अधिकारी घरात येऊन सामान बघत. परिणाम काय व्हायचा? मुलं घर सोडून दुसरीकडे खोली घेत. आपल्याकडे रेशनकार्डासाठी कागदोपत्री चूल वेगळी करतात, तसंच. फरक एवढाच की तिथे ती खरोखरच वेगळी करावी लागे.

1934 मध्ये कायदा झाला आणि बेकारांची मदत ठरवणारं अनएम्प्लॉयमेंट असिस्टन्स बोर्ड नेमलं गेलं. जानेवारी 1935 मध्ये बोर्डाचे देशभर एकसारखे दर लागू झाले आणि साउथ वेल्ससारख्या भागात अनेकांच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे पडले. तेव्हा साउथ वेल्स मायनर्स फेडरेशनचा अध्यक्ष होता ग्रिफिथ्स. 3 फेब्रुवारीच्या रविवारी खोऱ्याखोऱ्यातून मोर्चे निघाले, चॅपलमधली (प्रार्थनाघरातली) माणसं, दुकानदार, बायका, कम्युनिस्ट सगळे एका रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी तिथल्या मर्थर गावात जमावाने बोर्डाचं ऑफिस फोडलं. 5 फेब्रुवारीला सरकारने माघार घेतली आणि जिथे जुना दर जास्त होता तिथे तोच ठेवला. रस्त्यावरच्या रेट्याने सरकारचा आदेश तीन दिवसांत फिरल्याची अशी उदाहरणं फार नाहीत. तरी हे एकट्या ग्रिफिथ्सचं कर्तृत्व म्हणून खपवू नका. त्यात कम्युनिस्ट कार्यकर्ते होते, शेजारच्या एब्बू व्हेलचा खासदार अनायरिन बेव्हन संसदेत तुटून पडत होता. ग्रिफिथ्स मवाळ स्वभावाचा, वाटाघाटीचा माणूस. पुढे संपूर्ण घराची मिळकत मोजण्याची ही पद्धत 1941 मध्ये रद्द झाली.

1936 मध्ये तो लनेलीतून पोटनिवडणुकीत खासदार झाला आणि 1970 पर्यंत राहिला. आता बेव्हरिजचा प्रश्न. बेव्हरिज अहवाल डिसेंबर 1942 चा. आराखडा त्याचा, यात वाद नाही. पण अहवाल म्हणजे कायदा नव्हे. फेब्रुवारी 1943 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात चर्चा झाली तेव्हा सरकार 'तत्त्वतः मान्य' करून वेळ काढत होतं. तत्त्वतः मान्य या शब्दांचा अर्थ सरकारी फायली पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. मजूर पक्षाचे पुढारी स्वतः त्या युद्धकाळच्या सरकारात मंत्री होते. तरीही लवकर अंमलबजावणी करा म्हणणारी दुरुस्ती मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरून मांडली गेली, मांडणारा ग्रिफिथ्स. शंभराहून जास्त सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. दुरुस्ती पडली, पण लोकांनी कोण कुठे उभं राहिलं ते लक्षात ठेवलं. 1945 मध्ये मजूर पक्ष निवडून आला आणि पंतप्रधान ॲटलीने ग्रिफिथ्सला नॅशनल इन्शुरन्स खात्याचा मंत्री केलं.

6 ऑगस्ट 1946 ला पहिला कुटुंब भत्ता वाटला गेला, दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला 5 शिलिंग. कायदा आधीच्या सरकारने केला होता, वाटण्याची यंत्रणा याने उभी केली. पेन्शनमध्ये मात्र त्याने बेव्हरिजलाच बाजूला सारलं. बेव्हरिज म्हणत होता, पूर्ण पेन्शनपर्यंत वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने जाऊ, नाहीतर पैसा पुरणार नाही. ग्रिफिथ्सने ते ऐकलं नाही. ऑक्टोबर 1946 पासूनच एकट्याला 26 शिलिंग आणि जोडप्याला 42 शिलिंग सुरू. तोवरचा मूळ दर होता 10 शिलिंग, आणि वर काही हवं तर गरजेची चौकशी. सत्तर वर्षांच्या माणसाला वीस वर्षं थांब म्हणणं म्हणजे नाही म्हणणंच, नाही का?

बेकारभत्ताही त्याच पातळीवर आणला: 26 शिलिंग, घराची झडती नाही, विम्याच्या कार्डावर वर्गणीची तिकिटं लावलीत ना, मग हक्क. पण मुदत साधारण 180 दिवसांची ठेवली. बेव्हरिजने पुढे प्रशिक्षणाची अट घालून भत्त्याला मुदतच नको म्हटलं होतं. इथे ग्रिफिथ्स बेव्हरिजपेक्षा कमी पडला, आणि त्याच्याच पक्षाच्या सदस्यांनी त्याला सभागृहात धारेवर धरलं. त्यांचं बरोबर होतं असं मला वाटतं. बेकारी जिथे वर्षानुवर्षं टिकते तिथून आलेल्या माणसाने हे करायला नको होतं. खजिन्याचा दबाव होता, हे खरंच.

आता मूळ मुद्द्यावर. 1946 चा इंडस्ट्रियल इंज्युरीज कायदा. यात त्याने मालक-विरुद्ध-कामगार हा खटलाच मोडून टाकला. मालक, कामगार आणि सरकार तिघांचे पैसे एका निधीत. दावा विमा अधिकाऱ्याकडे, नंतर स्थानिक न्यायाधिकरणाकडे. मालक समोरचा पक्षकार उरलाच नाही. एकरकमी तडजोडीत हक्क विकत घेणारं गिऱ्हाईकच गेलं. आणि ते वाक्य: कामाच्या दरम्यान अपघात झाला तर, उलट पुरावा नसेल तर, तो कामातूनच उद्भवला असं मानलं जाईल. सिद्ध करायचं ओझं विधवेच्या डोक्यावरून उतरलं.

दुसरा बदल बारीक, पण वकिलाच्या दृष्टीने सुंदर आहे. जुना कायदा विचारायचा, तुझी कमाई किती घटली? नवा कायदा विचारतो, तुझ्या शरीराची क्षमता त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती घटली? पूर्ण अपंगत्वाला 45 शिलिंग, बाकी टक्केवारीने. पुन्हा कामाला लागलास, चांगलं कमावलंस, तरी ही रक्कम तुझीच. हलक्या कामाचा सापळा इथे निकामी झाला. धुळीच्या आजारातही, सौम्य असेल तर कमी धुळीच्या जागी काम करत राहायची वाट मोकळी झाली. त्या कायद्याखालच्या ब्रिटिश नियमावलीत तक्ता आहे: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. आता आपल्या 1923 च्या कायद्याची पहिली अनुसूची उघडा. अंगठा 30, तर्जनी 14, मधलं 12, करंगळी 7. आकडे तेच, पण आपल्याकडे स्तंभाचं नाव 'कमाईच्या क्षमतेतील घट'. सुताराचा हात आणि कारकुनाचा हात एकाच मापाने मोजून वर त्याला कमाईतली घट म्हणायचं, असा तो प्रकार. मग 1976 मध्ये डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की याची कमाई शंभर टक्के गेली.

कायद्यात उणिवा नव्हत्या असं नाही. पूर्वी इजेच्या भरपाईचा पैसा फक्त मालकाचा होता, आता कामगाराच्या पगारातून आठवड्याला 4 पेन्स जायला लागले. आपल्याच तुटलेल्या बोटाचे पैसे आपणच भरायचे, ही कुरकुर युनियनमध्ये होती. 5 जुलै 1948 च्या आधी जखमी झालेले जुन्याच कायद्यात अडकले. त्यांना पूरक मदत मिळायला 1951 उजाडलं. विवाहित स्त्रियांना वर्गणी न भरण्याची मुभा दिली, ती सवलत वाटली, पण उतारवयात स्वतःच्या पेन्शनला मुकणं हा तिचा अर्थ निघाला. आणि 26 शिलिंग 1951 पर्यंत तसेच राहिले, महागाई मात्र थांबली नाही. त्यामुळे लाखो म्हाताऱ्यांना पुन्हा गरज तपासून मिळणाऱ्या मदतीकडे जावं लागलं. एक गंमत जाता जाता: विम्याचा हक्क घेतल्यावर मालकावर दिवाणी दावाही करता यावा का, हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते वॉल्टर मंक्टन. मराठवाड्यातल्या वाचकांना नाव ओळखीचं वाटेल. हेच गृहस्थ त्याच काळात निजामाचे घटनात्मक सल्लागार होते.

आपल्याकडे काय आलं? मार्च 1943 मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. 1944 मध्ये अहवाल आला आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय. वर्गणी, निधी, वैद्यकीय मंडळ, सगळी रचना त्याच धाटणीची. फक्त ते वाक्य नव्हतं. ते 1966 च्या दुरुस्तीने कलम 51-ए म्हणून आलं आणि ब्रिटिश कलमाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं.

तेव्हा निबंध लिहिणार असाल तर बेव्हरिजवर दोन परिच्छेद खर्च करू नका. 1946 च्या कायद्याचं कलम 7 चं पोटकलम 4 आणि आपलं 51-ए शेजारी शेजारी ठेवा, आणि मग ईएसआय कायद्यातलं 2(12) वाचा, कारखान्याची व्याख्या. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात खाण वगळलेली होती. कोळसा खाणीत तेराव्या वर्षी उतरलेल्या माणसाच्या कायद्यातून आलेलं ते गृहीतक बिस्किटाच्या कारखान्यातल्या कामगाराला लागू होतं, वणीच्या खाणीतल्या पंप ऑपरेटरला नव्हतं. त्या बाईचा दावा आम्ही जिंकलो, पण पंपाच्या दुरुस्तीचं रजिस्टर मिळवून, आणि सहा वर्षांनी.